रांगेतली माणसं आणि चौदा तासांचा चेहरा

वाचकाचं पत्र : मी ३६ वर्षांची, सांगलीत बँकेत काउंटरवर काम करते. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही ग्रेड परीक्षा दिल्या होत्या. पहिलीत अ श्रेणी मिळाली, दुसरीत ब. पुढे चित्रकला सुटली ती सुटलीच. दीड वर्षापूर्वी पुन्हा पेन्सिल हातात घेतली. इंटरनेटवरचे फोटो घेऊन, चौकटी आखून चेहरे काढते. एका चेहऱ्याला बारा-चौदा तास लागतात. बघणारे 'अगदी फोटोसारखं' म्हणतात. पण समोर माणूस बसवला की काही म्हणता काही जमत नाही. निसर्गचित्र, मंडला, व्यंगचित्र, सगळं करून पाहिलं, कशातच टिकले नाही. माझं बळ नेमकं कशात आहे ते कसं ओळखू? क्लास लावू का? आणखी एक : माझी रेष फार जाड आणि काळी येते. शाळेतले सर 'हात हलका ठेव' म्हणून ओरडायचे, पण ती सवय अजून गेलेली नाही. सोबत सहा चित्रांचे फोटो पाठवते. सहावं आपलं गंमत म्हणून.

सप्रेम नमस्कार,

त्या सहाव्यापासूनच सुरुवात करू. पैसे भरायच्या स्लिपच्या पाठीमागे निळ्या बॉलपेनानं काढलेली पाच माणसं. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनरांची रांग लागते, ती असावी. एकालाही नाक-डोळे नाहीत. पण तिसऱ्या आजोबांनी सगळा भार डाव्या पायावर टाकलाय आणि उजवा गुडघा सैल सोडलाय, हे लांबूनही कळतं. पिशवीनं बाईंचा एक खांदा खाली ओढलाय. शेवटचा माणूस पुढे काय चाललंय ते बघायला किंचित बाहेर झुकलाय. हे सगळं दोन-तीन मिनिटांत झालं असावं. उरलेल्या पाच चेहऱ्यांमध्ये मेहनत आहे, छटा स्वच्छ उतरल्या आहेत, पण त्यातलं एकही डोकं मानेवर टेकलेलं वाटत नाही. वजन फक्त स्लिपवर आहे.

एवढ्यावरून 'तुमचं बळ माणसांच्या हालचालीत आहे' असं सांगून मोकळं होता येईल, पण तो निकाल घाईचा ठरेल. एक चित्र कुणाचंही जमून जातं. तेव्हा ते खरोखर तुमचं आहे की त्या दिवशीचा योग, हे तपासायची रीत सांगतो. त्याआधी बळ कशाला म्हणायचं, ते ठरवून घेऊ.

बरेच जण बळ विषयात शोधतात : मला पोर्ट्रेट जमतं की लँडस्केप? तुम्हीही तेच केलंत, म्हणून दीड वर्षात चार विषय बदलून झाले. विषय ही आवड झाली. बळ त्याच्या खाली असतं : माप अचूक दिसणं, रेषेत जीव असणं, उजेड-अंधार वाचता येणं, चौकटीत कुठे काय ठेवायचं ते सुचणं, हालचाल पकडता येणं, पाहिलेलं लक्षात राहणं, बारकाव्यात चिकाटीनं बसता येणं. एकच बळ चेहऱ्यात चालतं, झाडात चालतं आणि कपबशीतही चालतं. तुमच्या ग्रेड परीक्षेत हे वेगवेगळे पेपरच होते. वस्तुचित्रात नजर आणि माप, स्मरणचित्रात आठवण आणि रचना, संकल्पचित्रात आकारांची लय, भूमिती-अक्षरलेखनात काटेकोर हात. पण प्रमाणपत्रावर एकच श्रेणी छापून येते, त्यामुळे ब नेमकी कुठल्या पेपरानं आणली हे तुम्हाला आजही माहीत नसणार. तिथे जे एकत्र झालं, ते आता सुटं करायचं आहे.

ओळखायची खूण ही : बळ म्हणजे न मागता चित्रात आलेली गोष्ट. छटांचा सराव करायला बसलात आणि छटा बऱ्या आल्या, तर तो सराव. पण छटांच्या सरावात, लक्ष भलतीकडे असताना, वस्तू कागदावर दर वेळी सुंदर जागी बसली, तर ते बळ. पुढची सगळी आखणी ही न मागता आलेली गोष्ट पकडण्यासाठी आहे.

चौदा तासांच्या चेहऱ्याबद्दल आधी बोलू, कारण तो तुम्हाला चकवतोय. चौकटी आखल्या की मापाचं काम चौकट करते. फोटो आधीच सपाट असतो, म्हणजे खोलीचं कागदावर रूपांतर करण्याचं काम कॅमेऱ्यानं केलेलं असतं. कुठे कापायचं, उजेड कुठून घ्यायचा, हे फोटो काढणाऱ्यानं ठरवलेलं असतं. त्यातून फोनवर जवळून काढलेला चेहरा असेल तर नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात आणि तुम्ही ती चूकही इमानदारीनं उतरवता. मग तुमच्या वाट्याला काय उरतं? छटांची चढ-उतार आणि चिकाटी. दोन्ही खऱ्या आहेत, त्यांना कमी लेखू नका. पण समोरचं माणूस काढताना नेमकी ती कामं अंगावर येतात जी दीड वर्षात कधी केलीच नाहीत, म्हणून हात थिजतो. याचा दोष गुणवत्तेकडे जात नाही.

आता आखणी. सहा आठवडे, आठवड्याला पाच बैठका, बैठक तीस मिनिटांची. हिशेब केलात तर होतात पंधरा तास, म्हणजे तुमचा एक चेहरा. या सहा आठवड्यांत कुठेही काही पोस्ट करायचं नाही. लाइक्स नेहमी पूर्ण झालेल्या चित्राला मिळतात आणि इथलं एकही चित्र पूर्ण होणार नाही.

सामान थोडकं : एचबी, ४बी आणि ६बी पेन्सिल, एक साधं बॉलपेन, ए४ आकाराचे साधे कागद शंभर, थोडे जाड कार्ट्रिज कागद दहा-बारा, क्लिपचं पॅड. खोडरबर ड्रॉवरमध्ये. स्केचबुक नको, सुटेच कागद हवेत; का ते पुढे येईल. प्रत्येक कागदाच्या मागे तारीख, मिनिटं आणि त्या दिवशी कशाचा सराव होता ते लिहा. पॅड टेबलावर आडवं ठेवून काढू नका, मांडीवर घेऊन टेबलाच्या कडेला तिरकं टेकवा. कागद आडवा असला की त्याचा वरचा भाग डोळ्यापासून लांब पडतो, आखूड दिसतो, हात नकळत तो ताणतो आणि उभं केल्यावर कळतं की कपाळ वीतभर झालंय. 'मला प्रमाण येत नाही' म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचं दुखणं एवढंच असतं.

पहिले चार आठवडे घरात. दर आठवड्याला एकच विषय. पहिल्या आठवड्यात शिलाई मशीन घ्या. घरात नसेल तर शेजारी असेल, तेही नसलं तर स्कूटर चालेल. पुढे एखादी कुंडी, मग स्वयंपाकघरातलं भांड्यांचं रॅक, शेवटी आरशातला स्वतःचा हात आणि खांदा. विषय रोज बदलला तर काय जमलं आणि काय नाही ते कळत नाही, कारण सगळंच बदललेलं असतं. विषय तोच ठेवून पद्धत बदलली की फरक उघडा पडतो. तुमच्या शेजारच्या कोल्हापुरात चित्रकार आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थ आणि रंकाळ्याचा परिसर वेगवेगळ्या वेळी पुन्हा पुन्हा रंगवला. जागा तीच राहिली की बदलणारा उजेड दिसू लागतो.

पहिली बैठक मापाची. एचबी, तीस मिनिटं, एकच चित्र. पेन्सिल हात पूर्ण ताठ करून धरा, एक डोळा मिटा आणि मशीनच्या उंचीत रुंदी किती वेळा बसते ते मोजा. कोपर वाकलं की माप बदलतं. पहिल्यांदा ताठ आणि दुसऱ्यांदा वाकलेलं कोपर, हीच बहुतेकांची चूक. चाक तिरकं बघितलं की लंबगोल दिसतं. त्याची दोन टोकं टोकदार काढली जातात, ती गोलच वळायला हवीत. इथे चित्र छान होण्याची अपेक्षा नाही. मोजल्यावरही किती चुकलं, ते बघायचंय.

दुसऱ्या बैठकीत दोन कामं. आधी कागदाकडे अजिबात न बघता आठ-आठ मिनिटांची दोन रेखाटनं. कागद चिकटपट्टीनं पक्का करा, बॉलपेन टेकवा आणि डोळा मशीनच्या कडेवरून मुंगीच्या गतीनं सरकवा, पेन त्याच गतीनं. चित्र वेडंवाकडं होणार. चाक एकीकडे आणि सुई दुसरीकडे जाणार. ते होऊ द्या. इथे साम्य बघायचं नसतं, रेष बघायची असते. दोन मिनिटांत संपवलंत तर तुम्ही मशीन बघून काढलं नाही, आठवणीतलं 'मशीनचं चिन्ह' काढलं. उरलेल्या चौदा मिनिटांत मशीन न काढता त्याच्या भोवतीच्या आणि मधल्या रिकाम्या जागा काढा. शिलाई मशीन याला नामी : आडव्या दांड्याखाली, सुई आणि खांबाच्या मध्ये जी पोकळी असते तिला नाव नाही, म्हणून डोकं तिच्याबद्दल काही सुचवत नाही आणि ती जशी आहे तशी उतरते. हे जमलं आणि मापाचं चुकलं, तर तुमची नजर उत्तम आहे आणि अडथळा मोजण्याचा आहे, असं समजा. उलट झालं तर तुम्ही मोजून काम करणाऱ्या आहात, तेही चांगलं.

तिसरी बैठक छटांची. ६बी आडवी धरून, बाहेरची रेष न काढता, फक्त तीन छटांत : कागदाचा पांढरा, एक मधला करडा, एक गडद. डोळे किलकिले केले की छटा आपोआप तीनवर येतात. मशीन काळं आहे म्हणून सगळं काळं करून टाकायचा मोह होतो. चकचकीत काळ्यावर खिडकीचा उजेड कागदाइतका पांढरा पडलेला असतो, हे मान्य करायला धीर लागतो. बोटानं घासायचं नाही. तुमच्या पाचही चेहऱ्यांत गाल घासलेले आहेत. घासल्यानं पांढरा मळतो, काळा फिका होतो आणि सगळंच करडं होऊन पृष्ठभाग कुठे वळतो ते हरवतं. शेवटी फोनवर फोटो काढून कृष्णधवल करून बघा. मधल्या करड्याची सरमिसळ झाली असेल तर लगेच दिसेल.

चौथी बैठक रचनेची. पाच बाय सात सेंटिमीटरच्या सहा चौकटी, प्रत्येकीला पाचच मिनिटं. एकीत मशीन अख्खं, एकीत फक्त चाक चौकटीबाहेर जाणारं, एकीत वरून बघितलेलं, एकीत कोपऱ्यात लहानसं आणि बाकी रिकामी खोली. मधोमध ठेवलेली एकही नको. फार बोलत नाही, कारण इथे चूक अशी नसते. फक्त कुठली चौकट काढताना वेळ कमी पडला त्यावर खूण करा.

पाचवी बैठक आठवणीची आणि हालचालीची. पाच मिनिटं मशीन नुसतं बघायचं, दुसऱ्या खोलीत जाऊन पंधरा मिनिटांत काढायचं. परत येऊन ताडून पाहा, पण दुरुस्त करू नका. काय विसरलात त्यापेक्षा काय राहिलं हे महत्त्वाचं. कुणाला आकार आठवतात, कुणाला अंतरं, कुणाला 'तेल सांडल्याचा डाग इथे होता' हे. उरलेली दहा मिनिटं घरातल्या माणसाला कामाला लावा आणि दहा रेखाटनं काढा, प्रत्येकी एक मिनिट. आधी डोक्यापासून टेकलेल्या पायापर्यंत एक वाहती रेष, मग खांद्यांचा तिरकेपणा, मग कमरेचा, आणि वेळ उरला तरच हात. चेहऱ्यापासून सुरुवात केलीत तर मिनिट संपेपर्यंत डोळाच पुरा होईल. ज्या आठवड्यात विषय तुम्हीच आहात, तेव्हा मालिका बघणारं माणूस घ्या. ते जाहिरात लागेपर्यंत हलत नाही.

तपशिलाची बैठक मुद्दाम ठेवलेली नाही. त्याचा पुरावा तुमच्याकडे सत्तर तासांचा आहे.

पाचवा आणि सहावा आठवडा बाहेर : एसटी स्टँड, मंडई, कृष्णेचा घाट, जिथे अर्धा तास कुणी हटकणार नाही तिथे. पेन, ए४ कागद, विषय मोकळा. आता कुठला सराव ते ठरवायचं नाही, वाटेल ते काढा. माणूस उठून गेलं तर चित्र सोडून शेजारी दुसरं सुरू करा. माणसं तीच ती बैठक पुन्हा पुन्हा घेतात. चणे खाणारा पुन्हा तसाच वाकेल, तेव्हा अर्धवट चित्राकडे परत या. कामाच्या वेळेत काउंटरवर मात्र नको, आणि ग्राहकाची ओळख पटेल असा चेहरा तर नकोच.

सहा आठवड्यांनी हाती नव्वद-शंभर कागद येतील. आता सुटे कागद का, ते कळेल. सुट्टीच्या दिवशी सगळे जमिनीवर पसरा आणि उभं राहून बघा. स्केचबुकात चित्रं एकामागून एक दिसतात, त्यामुळे शेवटचं चित्र सगळ्यात चांगलं वाटत राहतं. पसरलं की पुनरावृत्ती दिसते.

पहिल्या फेरीत 'चांगलं-वाईट' म्हणायचं नाही. प्रत्येक कागदावर जमलेली जागा शोधायची, जागा म्हणजे अक्षरशः जागा : हा कोपर, ही सावली, हे दोन डब्यांतलं अंतर. तिथे पेन्सिलीनं बारीक गोल करा. काहीच नसेल तर कागद उलटा करून ठेवा. निम्मे कागद उलटे झाले तरी बिघडत नाही. दुसऱ्या फेरीत कागदाच्या मागे बघा, त्या दिवशी कशाचा सराव होता. गोल केलेली गोष्ट तीच असेल तर बरोबरची खूण, वेगळीच असेल तर चांदणी. चांदणीशेजारी काय आलं ते एका शब्दात लिहा : रेष, माप, छटा, रचना, गती, आठवण, बारकावा.

मोजताना एक घोळ होतो. गतीची रेखाटनं चाळीस असतील, छटांची चारच. गतीची दहा जमली आणि छटांची तीन, तर दहा मोठा आकडा म्हणून गतीला कौल देऊ नका; चाळीसांत दहा म्हणजे चौथाई आणि चारांत तीन म्हणजे पाऊण. पण चार हा आकडा इतका लहान आहे की त्यावर विसंबताही येत नाही. अशा वेळी छटांचे आणखी सहा कागद काढा आणि मगच ठरवा. चांदण्यांना ही अडचण कमी येते, कारण त्या कुठल्याही बैठकीत उगवतात. एकच शब्द तीन-चार वेगवेगळ्या बैठकांतल्या चांदण्यांशेजारी दिसला, तर शोध तिथे थांबवा.

घरातल्या कुणाला तरी पाच मिनिटं बोलवा, शक्यतो चित्र न काढणाऱ्याला. 'कुठलं आवडलं?' विचारलंत तर सगळ्यात नीटनेटकं दाखवतील. 'आधी कुठे नजर गेली?' एवढंच विचारा. आणि एक उलटी तपासणी : दुसऱ्यांच्या चित्रात तुम्हाला कुठली चूक आधी खुपते? ज्याला हात लांब झालेला लगेच दिसतो त्याची मापाची नजर तयार असते. ज्याला 'हा उभा नाही, लटकलाय' असं वाटतं, त्याची भाराची.

आता तुमची जाड रेष. शाळेतल्या सरांचं चुकलं नाही, ते पेन्सिलचित्र तपासत होते. पण जाड रेष दोन कारणांनी येते आणि उपाय वेगवेगळे आहेत. एक कारण ताण : पेन्सिल टोकापासून दोन सेंटिमीटरवर घट्ट धरलेली, खाली एकच कागद आणि कडक पाट, हालचाल फक्त बोटांची. दुसरं कारण निवड, म्हणजे हाताला मुळात गडदच हवं असतं. ओळख सोपी आहे. कागद उलटा करून बोट फिरवा. उमटलेली रेष हाताला लागली तर दाब आहे. नाही लागली आणि तरी रेष काळी आहे, तर निवड. दुसरी खूण म्हणजे काळेपणा सगळीकडे सारखा आहे की ठरावीक जागी. तुमच्या चेहऱ्यांत तो सगळ्या कडांना सारखा आहे. स्लिपवर मात्र रेष टाचेखाली गडद झालीय आणि पिशवीच्या पट्ट्याशी, जिथे ती खांद्यात रुतते तिथे. बाकी ठिकाणी ती पातळ आहे. तो हात भार कुठे पडतो ते जाणत होता.

दाबासाठी : पॅडवर कागदाखाली चार-पाच वर्तमानपत्रं घाला, एचबी सोडून ४बी घ्या, टोकापासून सहा-सात सेंटिमीटरवर धरा आणि खांद्यातून हात फिरवा. हळूहळू दाब कमी होतो. निवडीसाठी हत्यारच बदला. चार किंवा सहा नंबरचा गोल ब्रश आणि काळी वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक आणा; ब्रश लगेच धुवा, शाई केसांत वाळली की तो गेलाच, आणि ही शाई फाउंटन पेनात कधीही भरू नका, वाहिनी तुंबते. नाहीतर बोरू करा : बोटाएवढा बांबूचा तुकडा, टोक तिरकं तासून मध्ये बारीक चीर. आपल्याकडे मोडी आणि देवनागरी बोरूनं लिहिली जायची. हात वळला की रेष आपसूक जाड-बारीक होते. पेन्सिलीत जे 'काळं' म्हणून ओरडा खात होतं ते ब्रशमध्ये ठसठशीत दिसतं. आर. के. लक्ष्मण यांची ब्रशची रेष आठवा, त्यांचे कावळे आठवा. जे. जे. स्कूल ऑफ आर्टनं त्यांना प्रवेश नाकारला होता. उलट टोकाला गोव्याचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा : पेनाची बारीक रेष, पण सगळं पान माणसांनी गच्च. चित्रकलेचं रीतसर शिक्षण न घेताच त्यांच्या चित्रांच्या डायऱ्या भरत होत्या. रेष जाड की बारीक, यानं दोघांचंही काही अडलं नाही.

बळ सापडलं की कच्च्या बाजू सोडून द्यायच्या का? पूर्ण नाही. समजा गती निघाली. पण माप इतकं कच्चं असेल की धावणारा माणूस बुटका आणि डोकं भोपळ्याएवढं होत असेल, तर गती दिसतच नाही. कच्ची बाजू बळाच्या आड येणार नाही इतपतच सुधारा. पाचांतली एक बैठक तिला, चार बळाला. बरेच जण नेमकं उलटं करतात, कारण चूक सुधारणं म्हणजेच अभ्यास असं शाळेत शिकवलेलं असतं.

समोरचं माणूस अजूनही घाबरवत असेल तर पाठमोरं घ्या. दोन मीटर अंतर ठेवा, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत एका नजरेत मावतं. जवळ बसलात की चेहऱ्यासाठी एकदा आणि हातासाठी एकदा मान हलवावी लागते आणि तुकडे जुळत नाहीत. पाठमोरेपण जमलं की पाऊण वळलेलं, मग समोरून. डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर येतात, हे समोरून काढताना तपासा; कपाळ आखूड करून डोळे वर चढवणं ही सार्वत्रिक खोड आहे.

क्लासचं : सहा आठवडे होईपर्यंत नको. नंतर लावायचा तर आधी एकदा बसून बघायची परवानगी मागा आणि तीन गोष्टी बघा. समोर माणूस किंवा वस्तू ठेवून काढतात की मोबाइलवरच्या फोटोवरून? दोन-पाच मिनिटांच्या झटपट बैठका असतात का? आणि शिकवणारे तुमच्या कागदावर स्वतः काढून देतात की शेजारच्या कागदावर दाखवून तुमचा तुम्हाला दुरुस्त करू देतात? पहिल्या पद्धतीत चित्र सुधारतं, हात नाही. हुबेहूब पोर्ट्रेटचा क्लास तुम्हाला जे येतं तेच पुन्हा विकेल. वर्षाची फी एकदम भरू नका. आणि बँकेतल्या नोकरीमुळे उशीर झाला असं वाटत असेल, तर तेही फार मनावर घेऊ नका. वसंत सरवटे स्थापत्य अभियंता होते, नोकरी सांभाळून त्यांनी व्यंगचित्रं आणि पुस्तकांची चित्रं काढली. रोज रांग समोर उभी राहते अशी नोकरी चित्रकाराला वाईट नाही.

ती स्लिप मात्र आजच नीट ठेवा. बॉलपेनाची शाई उजेडात उडते आणि स्लिपचा हलका कागद पिवळा पडून कडांना तुटतो. ६०० डीपीआयवर स्कॅन करा, मग दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून वहीत दाबा. चिकटपट्टी लावू नका, डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन चित्रात उतरतो. मागच्या बाजूला कुणाचा खाते क्रमांक लिहिलेला असेल तर स्कॅन कुणाला पाठवण्याआधी तेवढा झाका.